तेंदूची पट्टी

आमच्या घरात शिसवीचं बोटभरही लाकूड नव्हतं, पण बोलणं मात्र सकाळ-संध्याकाळ शिसवीचंच असायचं. इंदोऱ्यातल्या दोन खोल्या, पुढे टिनाची पडवी, पडवीत माय मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेली, आणि बाबा सीताबर्डीहून सायकलनं येऊन हात-पाय धुता धुता तिला सांगायचे की आजही सरकारी लाकूड-डेपोतून शिसवी आली नाही. माय मान वर न करता हूं म्हणायची. तिच्या कात्रीचा आवाज थांबायचा नाही. ओल्या तेंदूच्या पानावर टिनाचा फर्मा ठेवून कात्री फिरवायची, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोरा मारायचा, टोक नखानं आत दाबायचं. त्या पानांचा आणि तंबाखूचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, भाकरीलासुद्धा असायचा. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावरची एक मुलगी रुमाल नाकाशी धरून बसायची. तिचं नाव मी विसरले नाही, पण इथे लिहून तिला मोठं करायची इच्छा नाही.

बाबा वाद्यांच्या एका दुकानात सुतार होते. पुढे काचेच्या कपाटांत हार्मोनियम, बुलबुलतरंग, गिटारी मांडलेल्या आणि मागे अंगणात पत्र्याखाली चार माणसांचा कारखाना. बाबांचं काम गिटारच्या पट्टीचं. गिटारच्या मानेवर जी काळपट लांब फळी बसवलेली असते, जिच्यावर तारा दाबून बोटं फिरतात, तिला आमच्या घरात पट्टी म्हणायचे. त्या पट्टीत बारीक खाचा पाडून पितळी तारा ठोकायच्या. खाच केसभर इकडची तिकडे झाली की पूर्ण गिटार बेसुरी. त्या कारखान्यात ही खाच सरळ पाडणारा हात एकट्या बाबांचा होता. मालकांना, म्हणजे मुकुंदरावांना, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते बाबांना कधी काढून टाकत नसत आणि म्हणूनच कधी चांगलंही म्हणत नसत.

मुकुंदरावांबद्दल मी फार लिहिणार नाही. हा माणूस आयुष्यभर वाद्यांत बसला आणि त्याला एक सूर ओळखता आला नाही. गिटार हातात घेतली की तिची चकाकी पाहायचा, जशी बायका पितळेची घागर घासून पाहतात. दुकानाच्या पाटीखाली त्यानं रंगवून घेतलं होतं, ‘अस्सल शिसवीची पट्टी’. गिऱ्हाइकाला सांगताना ‘अस्सल’ या शब्दावर जोर द्यायचा आणि डोळे बारीक करायचा. अशी माणसं अजूनही आहेत. परवा नातवासाठी गिटार बघायला गेले तर दुकानातला पोरगा कुठल्याशा दाबून केलेल्या काळ्या पुठ्ठ्यासारख्या पट्टीवर बोट आपटून म्हणाला, मॅडम, हे रोजवूडपेक्षा भारी. मी त्याला विचारलं, कशानं भारी? तो म्हणाला, कंपनी म्हणते. मुकुंदराव गेले, पण त्यांची जात मेलेली नाही.

आणि मुकुंदरावांपेक्षा वरचढ होते पत्की मास्तर. दुकानाच्या माडीवर त्यांचा गिटारचा क्लास चालायचा. धरमपेठेतल्या, रामदासपेठेतल्या मुली यायच्या. कोणाची आई मोटारीतून सोडायला यायची. मास्तर पांढरी पँट, पांढरा सदरा, हातावर अत्तर. क्लासात शिकवायचे ती हवाईयन गिटार, आडवी मांडीवर घ्यायची. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिच्या तारा मुद्दाम उंच उचललेल्या असतात आणि डाव्या हातात एक लोखंडी कांडी धरून ती तारांवरून घसरवायची. बोट पट्टीला लागतच नाही. पट्टी शिसवीची असो, आंब्याच्या पेटीची असो की खराट्याच्या काड्यांची, वाजवणाऱ्याच्या बोटाला त्याचा पत्ता लागायचं काही कारण नाही. तरी मास्तर दर नव्या गिटारच्या पट्टीवर नखानं टकटक करायचे, डोळे मिटायचे, आणि मुलींना म्हणायचे, “ऐकलंत? शिसवी बोलते.” मुली माना डोलवायच्या.

मी हे सगळं पाहायचे, कारण कॉलेज सुटलं की मी बाबांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे. डब्यात ज्वारीची भाकर, भिवापुरी मिरचीचा ठेचा, कधी आंबाडीची भाजी. जेवण झालं की बाबा नवी बसवलेली गिटार माझ्या हातात द्यायचे. त्यांची बोटं जाड, घट्टे पडलेली, त्यांच्याखाली दोन तारा एकदम दाबल्या जायच्या.

“शीले, खालून वर वाजवत जा,” ते म्हणायचे. “कुठं तार फरफरून राहिली तं सांग.”

मी सांगायचे. इथे फरफरते, इथे बसकी वाटते, इथे पितळ बोटाला टोचतं. ते कानस घ्यायचे आणि तेवढंच घासायचे. असं दोन-तीन वर्षं करता करता मी गिटार वाजवायला शिकले, उभी गिटार, बोटांनी वाजवायची. मला कोणी शिकवलं नाही. रेडिओवर लागलेलं गाणं दुसऱ्या दिवशी कारखान्यात बोटांनी शोधायचं, एवढंच. माडीवरच्या मुलींपैकी कोणालाही इतकं येत नव्हतं. हे मी अभिमानानं सांगत नाही. त्या मुलींपेक्षा बरं वाजवणं ही काही अभिमानाची गोष्ट नव्हती.

मग शिसवी यायची बंद झाली. डेपोतला लिलाव फर्निचरवाले उचलून न्यायचे, आणि परवान्याशिवाय ओंडका हलवायची सोय नव्हती. पाटी बदलायला मुकुंदराव तयार नव्हते. ते मागे आले, नाकाला रुमाल लावला, कारण त्यांना भुसा सोसायचा नाही, आणि म्हणाले, “सुदाम, मिळेल ते लाव आणि वरून काळं कर. कोण बघायला बसलंय?”

बाबा ‘हो जी’ म्हणाले. पण त्यांना नुसतं काळं करणं जमेना. काळं करायचंच आहे तर निदान खालचं लाकूड तरी पट्टीच्या लायक पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात बसलं. तिथून आमच्या घरात लाकडं यायला लागली. पहिली बाभूळ, बैलगाडीच्या जुन्या चाकाची. चाकाच्या मधल्या तुंब्यातून काढलेली, लालसर, दिसायला देखणी. पावसाळ्यात पट्टी केली आणि नागपूरचा उन्हाळा आला. मे महिन्यात लाकूड आक्रसलं, पितळी तारांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली, माशाच्या काट्यांसारखी. माझी बोटं कापली. मग बीजाच्या झाडाचा तुकडा. तो नीट बसला, आवाजही गोड, पण घामाचा हात लागला की पिवळा-तपकिरी रंग सोडायचा. मी तासभर वाजवून घरी गेले तर माय म्हणाली, “हळद लावून आली काय वं?” मग अंजनाचं लाकूड. त्यानं दोन करवतींचे दात घालवले, म्हणून बाबांनी तो तुकडा मायला मिरच्या कुटायला देऊन टाकला.

तेंदू आला तो माझ्या मामाकडून. मामा भिवापूरच्या पुढे एका खेड्यात राहायचा. त्याच्या बांधावरचं जुनं तेंदूचं झाड वादळात पडलं होतं. वरचं फिकट लाकूड लोकांनी जळणाला नेलं आणि आतला काळा गाभा टाकून दिला, कारण तो कुऱ्हाडीला दाद देत नव्हता आणि चुलीत घातला की ठिणग्या उडवत तडतडायचा. बाबा मिरच्या आणायला गेले होते, ते मिरच्यांबरोबर पोत्यात तो गाभा घेऊन आले. एसटीतून उतरले तेव्हा घामानं चिंब, खांद्यावर पोतं, आणि चेहऱ्यावर असं काही की मायला वाटलं, वाटेत कोणी भेटलं असावं.

“हे काय आणलं जी?” मायनं विचारलं.

“तेंदू.”

“तेंदू त मी रोज घेऊन बसतो,” माय म्हणाली आणि सूप पुढे केलं.

बाबांनी त्या ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण लावलं आणि तो माझ्या खाटेखाली ठेवला. दोन उन्हाळे तो तिथे होता. दर पंधरा दिवसांनी ते तो बाहेर काढायचे, उलटापालटा करायचे, नखानं दाबून पाहायचे आणि परत सरकवायचे. घाई अजिबात नाही. एका बाजूला मुकुंदराव बाभळीला बुटाचं काळं पॉलिश फासून ‘अस्सल’ म्हणून विकत होते आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस बिडीच्या झाडाचा गाभा सुकायची वाट पाहत होता. तेव्हा मला बाबा फार मोठे वाटायचे.

त्यातली पहिली पट्टी पत्की मास्तरांच्या गिटारला गेली. त्यांच्या गिटारची जुनी पट्टी उलली होती आणि त्यांनी शिसवीचीच हवी म्हणून मुकुंदरावांना बजावलं होतं. बाबांनी तेंदू घासला, तेल पाजलं. मी असं लाकूड पाहिलं नव्हतं. पॉलिश नाही, रंग नाही, तरी कोळशासारखं काळं आणि हाताला थंड. मास्तर खाली आले, नखानं टकटक केली, डोळे मिटले. “याला म्हणतात शिसवी,” ते म्हणाले. “जुनं झाड असणार. म्हैसूरकडचं.” मुकुंदरावांनी डोळे बारीक केले. बाबा फरशी झाडत राहिले. मी हसू दाबायला नळावर गेले.

पुढे क्लासचा वार्षिक कार्यक्रम धंतोलीतल्या एका हॉलमध्ये होता. बाबांना तारा जुळवायला बोलावलं होतं आणि त्यांच्याबरोबर मीही गेले. पडद्यामागच्या खोलीत मुली रेशमी साड्या नेसून बसल्या होत्या, पावडरचा वास, कोणाची तरी आई गजरे वाटत होती. एका मुलीच्या पदराचा जर तिच्या गिटारच्या पट्टीत अडकला. बाभळीची पट्टी होती, पितळेचं टोक बाहेर आलेलं. ती रडकुंडीला आली. मास्तरांनी पट्टी पाहिली, पॉलिश नखानं खरवडलं आणि आतला लाल रंग दिसल्यावर मुकुंदरावांकडे न बघता बाबांकडे बघितलं. नंतर सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं म्हणाले, “या लोकांना लाकडातलं जळण तेवढं कळतं. हे पाहा, माझ्या गिटारची पट्टी पाहा. शिसवी ही अशी असते.”

‘या लोकांना’ म्हणजे कोणाला, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं. बाबा माझ्यापासून दोन हातांवर उकिडवे बसून एक खुंटी पिळत होते. त्यांनी खुंटी सोडली नाही. मी बोलले.

“सर, तुमची पट्टी शिसवीची नाही. तेंदूची आहे. बिड्या वळतात ना, त्याच झाडाची. माझ्या खाटेखाली दोन वर्षं होती. बाबांनी लावली.”

गजरे वाटणारी बाई थांबली. मास्तरांचा चेहरा आधी हसरा झाला, मग तसा राहिला नाही. ते मुकुंदरावांकडे वळले. मुकुंदराव बाबांकडे वळले. “काय सुदाम? मुलगी काय म्हणते?”

बाबा उभे राहिले. हात पँटला पुसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

“शिसवीच हाय जी,” ते म्हणाले. “पोरीले काय समजते.”

मास्तर हसले, मग मुली हसल्या. गजरे वाटणाऱ्या बाईनं मला एक गजरा दिला, लहान मुलाला देतात तसा. मी तो खिडकीतून बाहेर टाकला आणि धंतोलीहून इंदोऱ्यापर्यंत चालत घरी गेले.

आजवर मी पुष्कळ माणसांना तुच्छ मानलं आहे, तो माझा स्वभाव झाला आहे आणि या वयात तो बदलायचा नाही. पण मुकुंदराव आणि मास्तर यांना तुच्छ मानायला मला काही त्रास पडला नव्हता. त्या संध्याकाळी मी स्वतःच्या बापाला तुच्छ मानलं, आणि ते दुखलं. महिनाभर मी कारखान्यात पाऊल टाकलं नाही. डबा बाबा स्वतः न्यायला लागले. घरात मी त्यांच्याशी हो-नाही इतकंच बोलायचे. शेवटी एकदा ते जेवत असताना मी विचारलं, “बाबा, तुम्ही खोटं काहून बोलले?”

त्यांनी भाकर मोडली. मग म्हणाले, “मी हो म्हटलं असतं त त्यानं ते पट्टी उखडून फेकली असती. बिडीचं झाड म्हणून. दोन वर्षं सुकवलेलं लाकूड. आता ते गिटारवर हाय. राहीन तिथं.”

“आणि तुम्ही? तुमचं काय?”

उत्तर मायनं दिलं, पडवीतून. “माह्यं काय? रोज हजार बिड्या वळतो मी. कोण्या बिडीवर माह्यं नाव हाय काय वं?”

मला दोघांचाही राग आला. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात अशी भाषा का, असं मी म्हणाले. बाबांनी ताट सरकवलं आणि हात धुवायला गेले. ते रागावले नव्हते, पण मला वाटतं, माझं म्हणणं त्यांना लागलं होतं.

कारण पुढच्याच आठवड्यात कारखान्यात जे झालं ते मला बाबांनी स्वतः येऊन सांगितलं, आणि ते सहसा काही सांगणारे नव्हते. कन्हानहून अन्वरभाई आले होते. तिथे खाणीत फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, बोटांनी. त्यांच्या पट्टीवर बोटांच्या दाबानं खळगे पडले होते. हा नागपूरकडचा पहिला माणूस मी ऐकला, ज्याची पट्टी वाजवून झिजली होती. मुकुंदराव पुढे म्हणत होते, अस्सल शिसवी लावून देतो. बाबा मागून दारात आले आणि म्हणाले, “शिसवी नाही हाय, भाऊ. तेंदू हाय. चांगला हाय. चालन?”

“बीडीवाला?” अन्वरभाईंनी विचारलं.

“तोच.”

“बजता है ना? लगा दो.”

एवढंच झालं. मुकुंदरावांनी बाबांना नंतर आत बोलावून झापलं, पण काढून टाकलं नाही. आठ दिवसांनी अन्वरभाई गिटार घेऊन गेले आणि त्यांच्या मागोमाग कामठीचे, जबलपूरकडचे ऑर्केस्ट्रावाले यायला लागले. त्यांना तीच काळी पट्टी हवी होती. मग मुकुंदरावांनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. कोणीतरी त्यांना सांगितलं की तेंदू हा त्या महागड्या काळ्या लाकडाचा, आबनुसाचाच भाऊ. त्यांनी पेंटर बोलावून पाटी पुसून घेतली आणि लिहवून घेतलं, ‘अस्सल आबनूसची पट्टी’. तेंदू हा शब्द दुकानात उच्चारायचा नाही अशी ताकीद दिली. मामाच्या खेड्यातून आणि आजूबाजूच्या बांधांवरून पडलेल्या झाडांचे गाभे येऊ लागले, आणि मी परत डबा घेऊन जाऊ लागले, कारण इतक्या पट्ट्या वाजवून पाहायला बाबांना कोणी नव्हतं.

आणि मग एक दिवस पत्की मास्तर खाली आले. गिटार काखेत. नव्या पाटीकडे बघून आलेले.

“सुदाम, ही शिसवी काढून टाक,” ते म्हणाले. “मला आबनूस हवं. शिसवीचा आवाज आता जुना वाटायला लागला.”

बाबांनी गिटार घेतली. “आठ दिवस लागतील जी,” ते म्हणाले.

आठ दिवस ती गिटार आमच्याकडे होती. बाबांनी उंच केलेल्या तारा खाली उतरवल्या आणि मी रोज जेवणाच्या सुट्टीत ती उभी धरून बोटांनी वाजवली. सुरेख वाजायची. वरच्या सुरांत इतकी स्वच्छ की बाकीचे कारागीर रंधा थांबवायचे. बाबा पाटावर बसून डोळे उघडे ठेवून ऐकायचे. त्यांनी त्या पट्टीला दुसरं काही केलं नाही. तेलाचा एक हात दिला, तारा परत उंच केल्या, बस.

मास्तर आले. कांडी तारांवरून एकदा घसरवली. “वा,” ते म्हणाले. “फरक लगेच कळतो. जमीन-अस्मानाचा.”

“हो जी,” बाबा म्हणाले.

मास्तर गिटार खोळीत घालत होते, खोळीचा बंद काही केल्या अडकत नव्हता. तेवढ्या वेळात बाबा माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुले सांगायचं असन त सांग. आज मी हो म्हणतो.”

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. ते खरंच म्हणाले असते. मुकुंदराव पुढे बसले होते, माडीवर मुली होत्या, त्या दिवशीच्या त्याच. मी मास्तरांकडे पाहिलं. पांढऱ्या पँटच्या गुडघ्यावर भुसा लागला होता आणि ते तो रुमालानं झटकत होते, पुन्हा पुन्हा, जसं काही अंगावर झुरळ चढलंय. या माणसाला एखादी खरी गोष्ट सांगून त्याचं काय होणार होतं, हे मला समोर दिसत होतं. तो उद्या डोळे मिटून ‘तेंदू बोलतो’ म्हणाला असता.

“राहू द्या, बाबा,” मी म्हणाले. “जेवून घ्या.”

मास्तरांनी झटकलेला भुसा बाबांनी फरशीवरून पुसला, हात धुतले आणि डबा उघडला. आम्ही दोघं पाटावर बसून जेवलो.